उकंडरावांचा शोधखाना

आमच्या अमरावतीत त्या काळी कुणी भर बाजारात नवाकोरा भगवा फेटा बांधून हिंडताना दिसला, की लोक त्याला लग्नकार्याचं विचारत नसत. विचारत, "काय बावा, काय मालूम नाही मनून सांगून आला?" कारण असे फेटे वाटणारा माणूस गावात एकच होता, आणि तो ते एकाच कारणासाठी वाटायचा. त्याच्यासमोर जो कोणी "मले मालूम नाही" असं सरळ मनाने कबूल करील, त्याला हा गृहस्थ उठून स्वतःच्या हाताने फेटा बांधायचा. विद्वानांचा सत्कार सगळेच करतात. न कळण्याचा सत्कार करणारा माणूस मी तरी एकच पाहिला.

उकंडराव पाटील. मूळचे वलगावचे, काळ्या मातीचे धनी. आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून आईने हे जन्मल्याबरोबर यांना उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव ठेवलं उकंडा. टाकाऊ माल समजून यम पुढे निघून जावा, ही कल्पना. यम खरोखरच फसला. त्यांच्या पाठीवर बयाबाई ही बहीण झाली, तीही जगली. आईबाप लवकर गेले आणि ही दोघंच एकमेकांना उरली.

मी तेव्हा नुकताच देशावरून अमरावतीच्या शाळेत मास्तर होऊन आलो होतो. आलो तो नेमका कापसाच्या सुगीत! अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिथला कापूस विलायतेला पोचेना, आणि साऱ्या दुनियेला एकाएकी आमचं वऱ्हाड आठवलं. रस्त्यात बैलगाड्यांची अशी रांग, की शाळेत जायला मला गाड्यांखालून वाकून जावं लागे. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या, कुणी मुलाच्या मुंजीला हत्ती आणला. वखारीत जागा मिळेना म्हणून लोकांनी देवघरात कापूस भरला. आणि अशा दिवसांत उकंडरावांनी स्वतःची भरलेली वखार रिकामी केली, झाडून घेतली, आणि दारावर पाटी लावली: शोधखाना.

"दवाखाना असते, तोफखाना असते, मंग शोधखाना काहून नाही?" ते म्हणायचे. काहून हा त्यांचा श्वासच होता.

आमची पहिली भेट मला जशीच्या तशी आठवते. शाळेच्या दारात एक उंच, काळाकभिन्न माणूस हातात कपाशीचं फूल घेऊन उभा. रामराम नाही, शामशाम नाही. "मास्तर, पऱ्हाटीचं फूल उमलते तवा पिवयं, सुकते तवा लाल. काहून?"

मी म्हणालो, "ईश्वरी लीला, दुसरं काय?"

"हे पाह्यलं का आयकलं?"

हा त्यांचा दुसरा श्वास. पाहिलं की ऐकलं? मी घाबरून म्हणालो, "ऐकलं." मग जरा विचार करून म्हणालो, "खरं सांगायचं तर मला माहीत नाही." पुढच्या घटकेला माझ्या पगडीवर भगवा फेटा होता आणि मी शोधखान्याचा दप्तरदार होतो. शाळा सुटली की रोज जायचं आणि जे दिसेल ते लिहायचं, एवढंच काम.

काय जागा होती ती! एका कोपऱ्यात चाळीस गावच्या सरक्या चाळीस मडक्यांत पेरलेल्या. दुसऱ्या कोपऱ्यात हकीम करीमुद्दीन, तापकऱ्यांच्या नाड्या आणि जिभा तपासताहेत. छपरावर जोशीबुवा, पाऊस मोजायला मांडलेल्या सतरा परातींची राखण करताहेत. पंचांगात लिहिलं होतं पाऊस भरपूर, परातीत बोटभर. आठ महिने बुवा पंचांगाची बाजू घेऊन भांडले. एक दिवस परात हातात घेऊनच खाली आले, मटकन बसले आणि म्हणाले, "उकंडराव, पाऊस केव्हा येतो ते मला माहीत नाही." उकंडरावांनी त्यांना मिठी मारली. फेटा बांधताना दोघांचेही डोळे भरून आले होते आणि परातीतलं पाणी माझ्या दप्तरावर सांडलं होतं.

अर्थात फुकट फेट्याला लुच्चे काय कमी? एक पठ्ठ्या येऊन म्हणाला, "पाटीलबुवा, म्हशीले पाय किती, मले मालूम नाही." उकंडराव शांतपणे म्हणाले, "जाऊन मोज." त्याला गोठ्यात पाठवला. म्हैस मारकुटी होती. परत आला तो लंगडतच.

लोक म्हणत, पैशाचा माज. सरक्या काय, ताप काय, पाऊस काय, एक ना धड भाराभर चिंध्या. मलाही तसंच वाटे. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वखारीच्या मधोमध पाण्याच्या घागरी होत्या, आणि तिथे उकंडराव दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. दर पंधरवड्याला पूर्णा नदीपलीकडून एक घागर येई. ते स्वतः ओंजळभर पीत, तोंड वेडंवाकडं करीत आणि मला सांगत, "लिवा. खारट."

शेवटी हकीमसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

बयाबाईचं लग्न उकंडरावांनीच ठरवलं होतं. स्थळ खारपाणपट्ट्यातलं, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. उकंडराव पाहुणे म्हणून गेले, तिकडच्या मंडळींनी रीतीप्रमाणे गूळपाणी पुढे केलं. यांनी गुळाचा खडा चघळत तांब्याभर पाणी प्यायलं, चाळीस तिफणीचं शेत पाहिलं, खूश झाले आणि सोयरीक करून आले. गुळाने पाण्याची चव लपवली. बयाबाई पहिल्या दिवाळीला माहेरी आली ती वाळून अर्धी होऊन. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "भाऊ, तुनं पानी न पायता मले देल्लं. माह्या गावात गोड पानी येईन तवाच तुह्या घरचं पिईन."

अकरा वर्षं झाली. दर भाऊबीजेला बाई येई, भावाला ओवाळी, जेवे, आणि पाणी प्यायची वेळ आली की पदराआडून चरवी काढी. स्वतःच्या गावचं खारं पाणी ती दोन दिवसांच्या वाटेने सोबत आणायची. भावासमोर बसून तेच प्यायची.

"मास्टर," हकीमसाहेब म्हणाले, "ये सारा कारखाना उस एक चरवी के लिए है. बाकी सब रस्त्यात सापडलं."

त्या दिवसापासून मीही पेटलो, हे कबूल करतो. शाळेत मुलांना उजळणी सांगताना माझ्या डोळ्यांसमोर घागरीच नाचत. वाळूतून गाळलं, कोळशातून गाळलं, शेवग्याच्या बिया घातल्या. पाणी आरशासारखं नितळ होई आणि खारटच्या खारट राही. पाणाड्या आणला. त्याने बयाबाईच्या गावात सात जागी कडुनिंबाची फांदी फिरवली, सातही ठिकाणी पाणी लागलं, सातही खारी! सातव्याला त्याने फांदी फेकली आणि फेटा मागितला.

मग उकंडरावांना भट्टीची कल्पना सुचली. पाणी उकळायचं, वाफ धरायची, थंड करायची. अकोल्याच्या तांबटाकडून हे भलं मोठं तांब्याचं भांडं घडवून आणलं, नळी बसवली, आणि बयाबाईच्या गावाबाहेर पऱ्हाट्यांचा जाळ पेटवला. मी सुट्टी काढून गेलो होतो, हकीमसाहेब आणि जोशीबुवाही होते. नळीच्या तोंडाशी पहिला थेंब लोंबू लागला आणि आम्ही चौघं श्वास रोखून बसलो. एवढ्यात धूर पाहून सरकारी जमादार चार शिपाई घेऊन हजर!

"चोरून दारू गायता काय बे?"

उकंडरावांनी त्याला वाटी दिली. त्याने वास घेतला, चाखलं, पुन्हा चाखलं.

"हे त पानी हाये."

"हाये ना."

"भांड्यात पानी टाकून, गाडीभर पऱ्हाट्या जाळून, पानीच काढून राह्यले तुमी?"

"हो."

जमादाराने वाटी उपडी करून परत दिली. "हे काय हाये, मले काई मालूम नाही बावा," तो म्हणाला, आणि गावकऱ्यांच्या टाळ्यांत फेटा बांधून अकोल्याच्या रस्त्याला लागला.

पाणी खरोखर गोड होतं! उकंडराव घागर डोक्यावर घेऊन पळतच बहिणीच्या दारी गेले. बयाबाई बाहेर आली. तिने घागरीत पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि मान हलवली. "दिवसभराच्या जाळावर एक घागर. माहं एकटीचं भागन रे भाऊ. गावातल्या बायाइनं काय करावं?"

मला त्या बाईचा राग आला होता. उकंडरावांना आला नाही. "बरोबर बोलली," ते म्हणाले आणि तिथेच जमिनीवर काठीने रेघोट्या ओढू लागले. जमिनीतलं पाणी खारं, पण आभाळातलं कुठे खारं आहे? उतारावर फरशी घालायची, तिच्यावर पडणारा पाऊस चुनेगच्ची टाक्यात उतरवायचा. गावाला वर्षभर पुरेल एवढं टाकं. जोशीबुवांच्या सतरा परातींची टिपणं आता कामी आली. कुठल्या महिन्यात किती पाऊस, सारं लिहून ठेवलेलं होतं!

आणि नेमकी तेव्हाच अमेरिकेतली लढाई संपली. कापूस कोसळला. हत्तीवाले पायी चालू लागले. उकंडरावांची वखार गेली, शोधखान्याची पाटी हकीमसाहेबांनी आपल्या घरी नेऊन ठेवली. आता या टाक्यापुरतंच बळ उरलं होतं, दुसरा डाव नव्हता. आम्ही बिनपगारी झालो, पण गेलं कुणीच नाही. त्या उन्हाळ्यात उकंडराव वेड्यासारखे राबले. फरशीचा एकेक दगड त्यांनी वाजवून घेतला. वाळू तर जिभेवर ठेवून पाहिली. चुना मळायची घाणी सुरू झाली तेव्हा गावातल्या बाया हौसेने एकेक घागर पाणी घेऊन आल्या. पहिली घागर मानाची, ती बयाबाईने ओतली. हलगी वाजली, गुलाल उधळला. सगळे इतके आनंदात होते, की त्या घागरी कुठल्या विहिरीच्या, हे कुणी विचारलंच नाही.

पाऊस झाला, भरपूर झाला, टाकं काठोकाठ भरलं. दिवाळीत पहिला तांब्या काढायचा ठरला. आदल्या संध्याकाळी मी आणि हकीमसाहेब मोह न आवरून गुपचूप पायऱ्या उतरलो आणि ओंजळ तोंडाला लावली.

खारट. विहिरीइतकं नाही, पण खारट.

हकीमसाहेबांनी भिंतीवर नख ओढलं, जिभेला लावलं आणि कपाळाला हात लावला. "चूना ही खारे पानी में घोटा है, मास्टर."

उकंडरावांना सांगायचं कुणी? हकीम म्हणाले तुम्ही, मी म्हणालो तुम्ही. सकाळ झाली तरी आमचं ठरलं नव्हतं.

सारं गाव टाक्याभोवती जमलं होतं. उकंडरावांनी स्वतः तांब्या भरून वर आणला.  लहान मुलासारखे ते बहिणीच्या तोंडाकडे पाहत होते. बयाबाईने तांब्या तोंडाला लावला. पहिल्याच घोटाला ती थबकली, मला स्पष्ट दिसलं. मग तिने डोळे मिटले आणि जवळजवळ अख्खा तांब्या एका दमात संपवला.

"गोड हाये, भाऊ."

गावाने एकच गिल्ला केला. हलगी कडाडली. उरलेली धार उकंडरावांनी आपल्या तोंडात ओतून घेतली. क्षणभर त्यांनी बहिणीकडे पाहिलं.

"हो बये," ते म्हणाले. "गोड हाये."

बाया घागरी घेऊन उतरल्या. चव कळूनही साऱ्यांनी घागरी भरून नेल्या. विहिरीपेक्षा बरंच बरं होतं आणि नदीपेक्षा जवळ होतं. बयाबाई मात्र घरात जाऊन लुगडं बदलून आली आणि थेट भावाच्या गाडीत चढून बसली. मीही मागे बसलो. दोन दिवसांच्या वाटेत दोघं पाण्याबद्दल अक्षर बोलली नाहीत. अमरावतीला पोचल्यावर ती सरळ आत गेली, माजघरातल्या रांजणात गडवा बुडवला आणि उभ्याउभ्याच प्यायली. एक, दोन, तीन. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "भाऊ, तुह्या टाक्याचं पानी खारट होतं."

"मीबी पिलो ना," उकंडराव म्हणाले.

आणि दोघं जी हसत सुटली! इतक्या वर्षांचं हसू होतं ते. हसता हसता उकंडराव भिंतीला टेकून खाली बसले आणि रडू लागले, आणि बाई त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी ते चुना गोड्या पाण्यात मळून टाकं पुन्हा गिलावण्याच्या गोष्टी करू लागले. ते त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात केलंही, पण ते मी पाहिलं नाही, माझी बदली झाली होती.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बयाबाई सासरी निघाली त्या सकाळी. गाडीत बारा घागरी माहेरचं पाणी भरलं होतं, तोंडाला फडकी बांधून. बाई घागरींना धरून मधोमध बसली होती. आणि उकंडराव गाडीत न बसता बैलांच्या पुढे पायी चालत होते, वाटेतले दगड वाकून वाकून उचलून बाजूला टाकत. पूर्णेपलीकडे दोन दिवसांची वाट होती.