एकशे चाळीस वर्षं आणि सहा अंडी

धातू काळा कसा पडतो, हे माधवीला कुणी शिकवायची गरज नव्हती. कॅनडातल्या रेजिना शहराच्या सरकारी प्रयोगशाळेत ती बारा वर्षं पाणी तपासत होती. तांबं, जस्त आणि गंधक यांचे आपसातले संबंध तिला स्वतःच्या नातेवाइकांपेक्षा नीट माहीत होते. त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर नवऱ्याचं एकशे चाळीस वर्षांचं रिव्हॉल्वर काचेच्या कपाटात नव्या तांब्यासारखं लखलखताना दिसलं, तेव्हा ती किंचाळली नाही. तिने फक्त बोटांवर दिवस मोजले. आज मंगळवार, नंदू शुक्रवारी रात्री येणार, प्रदर्शन शनिवारी. म्हणजे पुरे तीन दिवस! जे करायला काळाला एकशे चाळीस वर्षं लागली, ते ती तीन दिवसांत करून दाखवणार होती. काळाकडे काही रसायनशास्त्राची पदवी नव्हती.

रिव्हॉल्वर पितळी सांगाड्याचं, पाच गोळ्यांचं, तळहातावर मावणारं. त्याच्या गोळ्या बनणं कधीच बंद झालेलं. इतक्या जुन्याला इथे लायसन्सही लागत नाही, त्यामुळे घरात त्याचा दरारा साधारण शोकेसमधल्या संगमरवरी ताजमहालाइतका होता. नंदूचा मात्र त्याच्यावर जीव. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी चहा देई आणि मग त्याच्या कानाशी रिव्हॉल्वरचं चाक फिरवी. खट, खट, खट. "ऐकलंत? पाचही घरं अगदी सारख्या अंतरावर. कुणीतरी कानशीने हातानं घासून बसवलंय हे." माधवी वरवर कंटाळा दाखवायची, पण तो खट आवाज तिलाही मनापासून आवडायचा. इतकं चोख काम तिला प्रयोगशाळेतसुद्धा क्वचित बघायला मिळे.

पण नंदूचा खरा अभिमान होता पितळेवरचा तपकिरी थर. "ही दुधावरची साय आहे," तो म्हणायचा. "हिला धक्का लागला की सगळं संपलं." त्या सायीच्या जोरावरच जुन्या शस्त्रांच्या क्लबने तीन वर्षं ताटकळत ठेवून त्याला यंदा प्रदर्शनात अर्धं टेबल दिलं होतं, 'मूळ स्थितीतल्या वस्तू' या विभागात. तो ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी आठवडाभर मॉन्ट्रियलला गेला, तोही त्या अर्ध्या टेबलावर कोणत्या रंगाचं कापड घालावं याचा विचार करतच.

आणि घात केला तो खंडेनवमीने.

माधवीची आई, वनिताबाई, सहा महिन्यांसाठी सांगलीहून आल्या होत्या. त्यांनी सोमवारी जावयांना फोनवर विचारलं की उद्या-परवा खंडेनवमी, तर तुमचं ते शस्त्र पूजेला ठेवू का? सासूबाईंनी त्याला प्रथमच 'ते खेळणं' न म्हणता 'शस्त्र' म्हटलं, या आनंदात नंदूने जरूर ठेवा म्हणून सांगितलं. सासूबाई कळकट वस्तू पूजेला ठेवणार नाहीत, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

आधी गरम पाणी आणि साबण, मग चिंच आणि मीठ, शेवटी रांगोळी आणि वर खोबरेल तेलाचा हात.

"वीस मिनिटांत निघालं बघ," वनिताबाई सांगत होत्या. "पाणी नुसतं बदाबदा तपकिरी. आणि वास बुटाच्या पॉलिशचा."

"ते ऑक्साइड असतं, आई."

"असेल. आमच्याकडे त्याला पॉलिश म्हणतात."

माधवीने खरं काय ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोन महिने भांडी डिशवॉशरने घासली होती, कपडे ड्रायरने वाळवले होते आणि वनिताबाई सोफ्यावर पाहुण्यासारख्या बसून होत्या. आज पहिल्यांदा त्यांची बोटं चिंचेने सुरकुतली होती आणि चेहरा त्या रिव्हॉल्वरहून जास्त चमकत होता. "नंदूराव बघतच राहतील," त्या म्हणाल्या. त्याबद्दल माधवीलाही शंका नव्हती.

तेव्हा आईला आपलं चुकलं हे कळू द्यायचं नाही आणि काही झालं होतं हे नंदूला कळू द्यायचं नाही, असं ठरलं. उपाय सोपा होता. उकडलेल्या अंड्यांतून गंधकाची वाफ निघते आणि पितळ तिने काळवंडतं. माधवी शिस्तीची बाई, आधी नमुन्यावर प्रयोग. नमुना म्हणून तिने देवघरातली पितळी घंटी घेतली, गेल्या दिवाळीत इंडियन ग्रोसरीतून आणलेली. एका डब्यात घंटी आणि सहा अंडी. दुसऱ्यात, निकालाची वाट बघायला वेळ नसल्यामुळे लगोलग, रिव्हॉल्वर आणि बेताने दोन. डबे लपवले गॅरेजमध्ये, विंटर टायर्सच्या मागे. तिथे बुटाच्या तपकिरी पॉलिशच्या दोन रिकाम्या डब्या पडल्या होत्या. नंदू तर ऑफिसला कापडी बूट घालून जातो, असा एक विचार तिच्या मनाला चाटून गेला. पण मोहिमेवर निघालेल्या माणसाला असल्या विचारांसाठी वेळ नसतो.

बुधवारी सकाळी रिव्हॉल्वर झकास तपकिरी झालं होतं. ते कपाटात ठेवून माधवी गाणं गुणगुणत कामावर गेली. संध्याकाळी आली तो देवासमोर लॅपटॉप, बर्फ ओढायचं फावडं आणि मधोमध हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूचं फूल डोक्यावर घेतलेलं लख्ख रिव्हॉल्वर!

"रात्रीत परत काळं पडलं गं," वनिताबाई म्हणाल्या. "इथल्या हवेत काहीतरी आहे. पण मी काय सोडते होय!"

त्या रात्री माधवीने व्हिनेगर, मीठ आणि अमोनिया असा कडक मार्ग पत्करला. गुरुवारी, ऐन दसऱ्याला, रिव्हॉल्वर शिळ्या पावावर बुरशी यावी तसं हिरवंगार झालं. या खेपेला वनिताबाईंनी ते घासून काढलं याबद्दल माधवीने मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. वनिताबाईंनी मात्र सांगलीच्या बहिणीला फोन करून कळवलं, की कॅनडाची हवा दिसते तेवढी चांगली नाही, शिवाय माधवीने भर नवरात्रात अंडी उकडली, आणि बहुधा गॅरेजमध्ये लपून खाल्ली.

शुक्रवारी शेवटचा डाव. माधवी सुट्टी काढून घरी राहिली आणि दुपारी रिव्हॉल्वर पुन्हा अंड्यांसोबत डब्यात गेलं. आणि नंदू आधीच्या विमानाने आला! गॅरेजमधून घरात शिरताना त्याला घाईत टायर्सच्या बाहेरच राहिलेला खाण्याचा डबा दिसला. विमानात काही मिळालं नव्हतं. त्याने झाकण उघडलं. आत त्याचं रिव्हॉल्वर दोन अंड्यांना टेकून पहुडलं होतं, जणू त्यानेच ती घातली होती.

माधवी धावत आली, पण आता काही लपवण्यासारखं उरलं नव्हतं. तिने चिंचेपासून अमोनियापर्यंत सगळं क्रमाने, तारीखवार सांगितलं. "एकशे चाळीस वर्षांचा थर होता, नंदू. मी जमेल तेवढं केलं."

नंदू लालबुंद झाला. पण तो लाल रंग रागाचा नव्हता.

"सहा महिन्यांचा," तो म्हणाला.

"काय सहा महिन्यांचा?"

"थर. मी घेतलं तेव्हा ते लखलखीतच होतं. आधीच्या मालकाने घासलेलं, म्हणून तर मला परवडलं. मग तुला दाखवण्याआधी मी इथेच बसून... बुटाचं पॉलिश आणि चहाचं पाणी."

दारात वनिताबाई उभ्या होत्या. "तरी मी म्हणत होते," त्या लेकीला म्हणाल्या. "आणि काय गं, मी घासायची आणि तू काळं करायचीस? तीन दिवस? मी बिचाऱ्या हवेला नावं ठेवतेय!" आणि त्या तिथेच विंटर टायरवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

नंदूने प्रदर्शनाला जायचंच नाही असं जाहीर केलं. महिनाभर त्याला धास्तीने झोप नव्हती, पकडला गेलो तर क्लबातून नाव जाईल म्हणून. वनिताबाईंनी त्याचं काही चालू दिलं नाही. "पूजा झालेली वस्तू आहे, नंदूराव. जे आहे ते सांगायचं आणि मांडायचं."

शनिवारी त्यांनी विभाग बदलून घेतला आणि अर्ध्या टेबलावर वनिताबाईंनी पुन्हा घासलेलं, चमचमतं रिव्हॉल्वर मांडलं. समोरच्या कार्डावर नंदूने लिहिलं: 'मूळ थर नाही. पॉलिश: माझ्या सासूबाई.' लोक कार्ड वाचून थांबत, हसत, आणि नंदू चाक त्यांच्या कानाशी नेई. खट, खट, खट. शेजारी वनिताबाई खुणांनीच चिंच कशी चोळायची ते दाखवत होत्या. दुपारपर्यंत त्यांच्याभोवती इतकी गर्दी झाली, की शेजारच्या टेबलवाल्याने आपली खुर्ची त्यांना दिली.

दार उघडलं की वाऱ्याने कार्ड उडायचं. माधवीने कोटाच्या खिशात हात घातला. सकाळी गॅरेज आवरताना पहिल्या डब्यात चार दिवस विसरलेली घंटी सापडली होती, ती तिने खिशात टाकली होती. तीच कार्डावर वजन म्हणून ठेवली.

तेवढ्यात क्लबचे परीक्षक आले. ऐंशीच्या घरातले, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी कार्ड वाचलं, रिव्हॉल्वरचं चाक फिरवून मान डोलावली आणि मग घंटी उचलली. भिंग काढलं. बराच वेळ ती उजेडात फिरवली.

"दीडशे वर्षं तरी," ते हळूच म्हणाले. "असा थर फक्त काळच चढवू शकतो."

नंदूने माधवीकडे पाहिलं. गप्प बस, असं त्याचे डोळे सांगत होते. पण बारा वर्षं खरे आकडे लिहिलेल्या बाईला ते जमणार कसं?

"चार दिवस," माधवी म्हणाली. "आणि सहा अंडी."

परीक्षकांनी घंटी खाली ठेवली. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, ते पाहून घेतलं. मग टेबलावर वाकून त्यांनी विचारलं, "पूर्ण उकडायची, की अर्धी कच्ची?"