सावलीचा परवाना

"काऊन वो बाई, आपल्या इथी सेहेचाळीस, अन् ब्रह्मपुरीले सत्तेचाळीस? त्याइले काय जास्तीचा सूर्य देल्ला का?"

मोहफाट्यावरच्या कडुनिंबाखाली ऊर्जानगरच्या बसची वाट पाहताना रुखमाबाई माझ्या कानाशी कुरकुरली. तोंडाला दुपट्टा, लू लागू नये म्हणून ओच्यात कांदा, आणि हनुवटीवरून घामाची धार. पण तक्रार उन्हाची नव्हती. ऊन कमी पडल्याची होती. आमच्याकडे उन्हाची तक्रार करणं म्हणजे घरातलं भांडण चव्हाट्यावर आणणं. ऊन लागतं ते पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना. आपल्याला सवय असते.

गेल्या मे महिन्यात फाट्यावरच्या तापमान फलकाने ४८.१ असा आकडा दाखवला आणि मोहफाटा जगाच्या नकाशावर आला. फलकासमोर उभं राहून गावानं हसत फोटो काढून घेतला. काढणारा धनराज. तो फोटो तुमच्याही मोबाइलवर आला असेल. तुम्ही खाली आगीचं चित्र टाकून पुढे पाठवला असेल. त्याच दुपारी फाट्यावर रस्त्याच्या डांबराचं काम करणारा धनराजचा थोरला भाऊ इस्तारी वारला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे संध्याकाळच्या आतच ठरलं. हृदय बंद पडल्याची नोंद झाली, जी कुठल्याही मेलेल्या माणसाबाबत खरीच निघते. गावही म्हणालं, तसाही तो अशक्तच होता. डांबराचं पिंप एकटा हलवायचा, पण अशक्त होता.

त्याच्या बायकोनं, गोकुळाबाईनं, निंबाखाली दोन रांजण मांडून पाणपोई घातली. पाटीवर इस्तारीचं नाव लिहून घेतलं. कशानं गेला ते पाटीवर लिहीत नाहीत, त्यामुळे कोणाचीच अडचण झाली नाही.

फोटोची मात्र वरच्या पातळीवर दखल घेण्यात आली आणि 'उष्ण साहस पर्यटन कक्ष' स्थापन झाला. समन्वयक म्हणून आलेले कुलदीप सर गाडीचा एसी चालू ठेवूनच खाली उतरले आणि त्यांनी आम्हाला आमच्या मागासलेपणाची जाणीव करून दिली.

"अहो, जग ज्वालामुखीच्या तोंडाशी तंबू ठोकून राहतंय! गोठलेल्या तळ्याला भोक पाडून लोक त्यात अंघोळ करतात! पिंजऱ्यात बसून शार्कच्या पुढ्यात जातात! आणि आपण? आपण एवढं जागतिक दर्जाचं ऊन वर्षानुवर्षं वाया घालवतोय!"

आम्हाला वाईट वाटलं. खरंच, केवढं ऊन आम्ही पडू दिलं.

धनराजची 'स्थानिक तापमित्र' म्हणून नेमणूक झाली. त्याला एक टोपी मिळाली. टोपीला पुढचा छज्जा नव्हता, कारण त्याने सावली पडते.

पर्यटक येऊ लागले. दुपारी डांबरी रस्त्यावरून पायी भ्रमण, मग टिनाच्या पत्र्यावर स्वहस्ते पापड वाळवणे, आणि शेवटी उघड्या माळावर उभं राहून लू-स्नान. गाडीतून उतरताना प्रत्येकाला आठवण म्हणून एक कांदा, रिबन बांधून. चार वाजले की साहस संपायचं आणि मंडळी गार खोल्यांत परतायची. आमचं साहस सुरूच असायचं, पण त्याला नाव नव्हतं.

पहिली अडचण गावकऱ्यांनीच आणली. आम्ही अडाणी माणसं उन्हाची वेळ झाली की दारं लावून घरात पडून राहायचो. पाहुण्यांनी अभिप्राय दिला, 'गाव निर्जीव वाटते.' लगेच सूचना निघाली, की पर्यटनाच्या वेळेत प्रत्येक घरातला निदान एक सदस्य उन्हात, 'सहज वाटेल अशा रीतीने', हजर असावा. रुखमाबाईच्या वाट्याला डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन जाणं आलं. ती एकदा गेली. कक्षाच्या कॅमेरेवाल्यानं परत बोलावलं. पुन्हा गेली.

"आणखी एकदा बाई, आणि जरा थकल्यासारखं चाला," तो म्हणाला.

"थकल्यासारखं कसं चालू जी?" रुखमाबाई म्हणाली. "थकली ना मी."

"छान. तेच धरून ठेवा."

पण खरा घोळ केला तो निंबानं. नंदिनी मॅडम म्हणून एक पाहुण्या होत्या. वाळवंट, हिमनदी, तापल्या राखेचा डोंगर, सगळं पालथं घालून आलेल्या. त्यांनी आमच्या उन्हाचं मनापासून कौतुक केलं आणि शेवटी लिहिलं, 'फक्त फाट्यावर सावली आडवी येते. अनुभवाची सलगता तुटते.' कुलदीप सरांनी यंत्र आणून मोजलं. निंबाखालचा आकडा बाहेरच्यापेक्षा चांगलाच खाली. म्हणजे इतकी वर्षं हे झाड राजरोसपणे जिल्ह्याचं तापमान कमी करत उभं होतं आणि प्रशासनाला पत्ता नव्हता.

तेव्हापासून सावलीत बसायला परवाना लागू लागला. बसण्याचं प्रयोजन, सोबत कोण, उन्हात उभं राहता न येण्याचं सबळ कारण, हे सगळं सांगायचं. कारण प्रकृतीचं असेल तर ऊन लागल्याचा डॉक्टरी दाखला. पण जिथे ऊन विकायचं आहे तिथे कोणाला ऊन लागलं असं लिहिणं जिल्ह्याच्या प्रतिमेला मारक, म्हणून डॉक्टरांनी तसा दाखला देणं बंद केलं होतं. परवान्याची रांग उन्हात होती. रांगेतल्या लोकांचे फोटो फार सुंदर येत.

गोकुळाबाईनं काही परवाना काढला नाही. सरांनी विचारलं तेव्हा ती रांजणावरचा गोणपाट ओला करत होती.

"बाई, तुम्ही विनापरवाना सावली वापरताय."

"सावली माही नाई साहेब, झाडाची आहे. त्याले मागा."

"आणि हे पाणी थंड आहे."

"चूक झाली जी. इस्तवावर ठेवू का?"

झाडाला परवाना मागण्याची नियमांत तरतूद नव्हती. झाड तोडण्याची होती. त्यामुळे कक्षाच्या पहिल्या उष्ण महोत्सवाच्या उद्घाटनाला फीत न कापता निंब कापावा, असा नावीन्यपूर्ण निर्णय झाला. पहिला घाव स्थानिक माणसाच्या हातचा असावा, म्हणून कुऱ्हाड तापमित्राकडे आली.

आदल्या दिवशी धनराज भावजयीकडे आला. टोपी काढून हातात घेतलेली.

"वहिनी, रांजण मी नेऊन देतो घरी. पाणी पाजाचंच आहे तं घरूनई पाजता येते."

"घरी कोन पडते भाऊजी? लोक इथीच पडते."

"आता कायले ते काढता? अशक्त होता तो. साऱ्याइले माहीत आहे."

"हो ना," गोकुळाबाई म्हणाली. "माहीत तं साऱ्याइले आहे."

धनराजनं टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि निघून गेला.

महोत्सवाला मांडव नव्हता, हे सांगायला नको. निंबासमोर एक भलामोठा फ्लेक्स मात्र उभा केला होता. त्यावर तोच आमचा फोटो. फोनमध्ये तो तळहाताएवढा होता तेव्हा त्यात फक्त आकडा आणि दात दिसायचे. घराएवढा केल्यावर बाकीचंही दिसू लागलं. हसणाऱ्या माणसांच्या मागे, फलकाच्या खांबाच्या बुडाशी, तापलेल्या खडीवर, एक चप्पल होती. निळ्या पट्ट्याची. पट्टा तुटलेला, तारेनं बांधलेला.

गावानं तो फ्लेक्स कमरेपर्यंतच पाहिला. खाली कोणी नजर नेली नाही. रुखमाबाईला एकदम दुपट्टा सारखा करायचा होता. सरपंच आकाशाकडे पाहत होते. गोकुळाबाई फ्लेक्सकडे पाठ करून, रांजणावर हात ठेवून उभी होती.

कुलदीप सरांचं भाषण झालं. ब्रह्मपुरीचं नाव न घेता ब्रह्मपुरीला टोला मारून झाला. टाळ्या पडल्या. मग नंदिनी मॅडम, या खेपेला प्रमुख पाहुण्या, फ्लेक्सपाशी वाकल्या. जग पाहिलेली बाई. बारकाईनं पाहायची सवय.

"अय्या, ही चप्पल कोणाची?"

"लोकल टच आहे मॅडम," सर म्हणाले. "ऊनच इतकं, की माणूस चप्पल टाकून पळतो!"

पाहुणे हसले. पाहुणे हसले म्हणून आम्हीही हसलो, थोडंसं.

"किती गोड! हा फोटो पाहूनच तर मी इथे आले," मॅडम म्हणाल्या आणि निंबाच्या बुडाशी कुऱ्हाड घेऊन उभ्या असलेल्या धनराजकडे वळल्या. "तुम्हीच काढलाय ना दादा? सांगा ना, कोण पळालं चप्पल टाकून?"

धनराजनं कुऱ्हाड खोडाला टेकवली. टोपी काढून तिच्यावर अडकवली. मग तो सावकाश निंबाच्या सावलीत खाली बसला.

"धनराज," सर हलक्या आवाजात म्हणाले, "परवाना?"

गोकुळाबाईनं पेल्यात पाणी भरून त्याच्यापुढे धरलं. त्यानं पेला घेतला, पण प्यायला नाही. फ्लेक्सकडे पाहत राहिला. वर आकड्याकडे नाही, खाली.

"पळाला नाई मॅडम," तो म्हणाला. "पाय आहे चपलेत. नीट पाहा. माह्या भावाचा आहे. ऊन लागून मेला तो. मागं पडून पाणी मागत होता, अन् मी याइले म्हणून राह्यलो होतो, हलू नोका, हसा, आकडा अजून वाढून राह्यला."