अकरा वेळा विकलेला केक

दानधर्मात वस्तूला किंमत नसते, भावनेला असते; म्हणूनच एकच वस्तू कितीही वेळा विकली तरी ती संपत नाही. आमच्या ख्रिस्ती वृद्धनिवासाचा कारभार याच थोर तत्त्वावर चालतो आणि उत्तम चालतो. (भोजनगृहाचं छप्पर गळतं, पण खाली बादल्या ठेवल्या आहेत. बादल्याही देणगीतल्याच.)

वर्धापनदिनाची आमची पद्धत अमेरिकेतल्या अख्ख्या आयोवा राज्याने आदर्श मानावी अशी आहे. आमच्यातली एक्क्याण्णव वर्षांची ऑर्फा केक करते. एरवी गुरांचा लिलाव पुकारणारा डॅरेल त्या दिवशी केकचा पुकारतो. जो जिंकतो तो उभा राहून म्हणतो, "राहू दे, पुन्हा विका." टाळ्या पडतात आणि केक पुन्हा टेबलावर येतो, शेवटच्या फेरीनंतर ऑर्फाकडे. मागच्या वर्षी एकच केक अकरा वेळा विकला गेला. आधी बँकेच्या मॅनेजरने घेतला, मग त्याला खाली बघायला लावण्यासाठी ट्रॅक्टरच्या दुकानदाराने, मग दोघांना नम्रता शिकवण्यासाठी लुथरन चर्चच्या मंडळींनी. केक घरी न्यायला बंदी नाही. तशी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायलाही बंदी नाही, पण कुणी बसत नाही.

ऑर्फाला मात्र या व्यवस्थेचं मर्म कधी कळलं नाही. दर वर्षी लिलाव संपला की ती माझी बाही धरायची.

"कापला का रे कुणी?"

"अगं, अकरा वेळा गेला."

"ते नाही विचारलं मी."

उत्सव समितीचा चिटणीस या नात्याने मी तिची समजूत घालायचो. ती दर वर्षी तशीच, समजूत न पटता, खोलीत जायची.

यंदा चाळिसावा वर्धापनदिन. व्हीलचेअर चढवता येईल अशी बस घ्यायची होती आणि सगळी भिस्त केकवर होती. नवव्या फेरीत बोली गेरिटवर थांबली. गेरिट माझा शेजारी, अठ्ठ्याऐंशीचा, कित्येक वर्षं स्वयंपाकघराच्या कृपेने बिनसाखरेच्या जेलीवर जगलेला. तो उठला, टाळ्या सुरू झाल्या, आणि त्याने खिशातून जेवणाचा काटा काढला.

टाळ्या थांबल्या.

"गेरिट, बाबा रे, बसची खरेदी अडकलीय," डॅरेल माईकवरून म्हणाला.

"बस पुढच्या वर्षीही घेता येईल. मी पुढच्या वर्षी असेन, हे तू लिहून देतोस का? नाही ना? मग सुरी दे."

पास्टरांनी डोळे मिटले. सुरी केकमध्ये गेली आणि टण्ण असा आवाज आला. साखरेच्या लेपाखाली ॲल्युमिनियमचं पातेलं पालथं घातलेलं होतं.

सगळ्यांच्या माना ऑर्फाकडे वळल्या. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती.

"सात वर्षं हेच पातेलं विकताय तुम्ही, मेल्यांनो," ती म्हणाली. "म्हटलं, बघू या, कुणाला कधी भूक लागते ते. खरा केक माझ्या खोलीत आहे. दर वर्षी असतो. चल गेरिट, काटा घे बरोबर."

दोघं आपापले वॉकर टेकत निघून गेली. त्या क्षणी मला गेरिटचा मनापासून हेवा वाटला. (समितीच्या इतिवृत्तात हे घेतलेलं नाही.)

समितीने तिथेच तातडीची बैठक घेतली. पातेल्यावर लेप परत थापला आणि उरलेल्या फेऱ्या रीतसर पार पडल्या. भाव वाढला, कारण केक आता ऐतिहासिक झाला होता. बस आली. गेरिट तासाभराने परतला तेव्हा त्याच्या मिशीला चुरा लागलेला होता.

तुम्ही आम्हाला हसत असाल. हसा बापडे. केक किती वेळा विकला गेला, हे तुम्हाला पाठ झालंय. कुणी कुणाच्या नाकावर टिच्चून घेतला तेही. पण तो खरा केक कशाचा होता, हे मी अजून सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही विचारलं नाहीत.