खिडकीतल्या टाकीचं हिरवं पाणी

आमच्या वडगावात कुणी नवी साडी आणली की ती आधी वसंतआप्पांसमोर उलगडावी लागते. आप्पा ती खिडकीच्या उजेडात धरतात, बोट ओलं करून काठावर घासतात आणि निकाल देतात, "कच्चा रंग. पयल्या धुण्याला रडंल." साडीवालीचा चेहरा तिथंच उतरतो. उभा जन्म मागावर गेलेला माणूस. माग विकला, पण खोड काही विकता आली नाही.

माग होता त्या खोलीत आता माशांची काचेची टाकी आहे. मुलगा संतोष बंगळूरला नोकरीला गेला आणि त्याची ती टाकी आप्पांच्या गळ्यात पडली. आप्पांनी ती थेट खिडकीत मांडली आणि मला, त्यांच्या शेजाऱ्याला, म्हणाले, "मास्तर, रंग उजेडातच कळतोय. ट्यूबखाली मासा बघायचा म्हंजे घडी न मोडता साडी घ्यायची."

थोड्याच दिवसांत पाणी हिरवं झालं. मी सकाळी अंगणात दात घासत असलो की भिंतीपलीकडून बातमी यायची, "आज पोपटी." मग, "आज मेंदी." छटा चुकवतील तर शपथ!

निदानही त्यांनी स्वतःच केलं. टाकीतलं प्लॅस्टिकचं झाड रंग सोडतंय! ते झाड त्यांनी नव्या साडीसारखं मिठाच्या पाण्यात भिजवलं, तुरटीच्या पाण्यातून काढलं आणि चिमटा लावून दोरीवर वाळत घातलं. येणारे-जाणारे थांबून बघत होते. पाणी हिरवं ते हिरवंच.

खरी पंचाईत रविवारी व्हायची. संतोषचा व्हिडिओ कॉल यायचा. बापलेकाचं बोलणं आधीपासूनच बेताचं. "मासं बरं हाईत न्हवं?" "हाईत." "दाखवा." आप्पा फोन टाकीकडं फिरवायचे आणि कॉल संपायचा. आता ते फोन पंख्याकडं धरून "नेटवर्क न्हाय, नेटवर्क न्हाय" म्हणून ओरडू लागले.

"अहो, सांगून टाका की त्याला," मी म्हणालो.

"आनि मासं मेलं म्हंजे? मासं हाईत म्हणून पोरगं फोन करतंय, मास्तर. मासं गेल्यावर कशाला करंल?"

 

मग मीच त्यांना बेळगावात टाक्यांच्या दुकानात नेलं. दुकानदारानं आम्ही बाटलीत भरून नेलेलं टाकीचं पाणी बघितलं आणि म्हणाला, "ह्यो रंग न्हवं आप्पा, शेवाळ हाय. उन्हानं झालंय. खाणं कमी घाला, टाकी खिडकीतनं काढा आनि काळ्या कापडात चार दिस झाकून ठेवा."

"उजेड वाईट?" आप्पा खवळले. "माझं सगळं आयुष्य उजेडावर चाललं!" सिटी बसमध्ये वडगाव येईपर्यंत ते दुकानदाराला कच्चा म्हणत होते. घरी आल्यावर मात्र त्यांनी टाकी झाकली, खिडकी लावली आणि दिवा बंद केला. हवेची मोटर तेवढी चालू. स्वतः खुर्ची घेऊन त्या अंधारात बसले. "त्यांस्नी सवय न्हाय. जवळ कुणीतरी पायजे."

रविवारी मी चौकशीला गेलो, तेवढ्यात फोन वाजला. आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि एका दमात सांगून टाकलं, "संतोष, पानी हिरवं झालंय. झाकून ठेवलंय. आज मासं दिसायची न्हाईत."

 आता कॉल तुटणार, असं मला वाटलं.

"मासं ऱ्हाऊ द्यात ओ. तुम्ही कुठं हाय? सगळं काळंच दिसतंय. लाईट लावा, तुमचं तोंड बघू दे."

आप्पांचा हात बटणापर्यंत गेला आणि मागं आला. "लाईट नको. पानी निवळायलंय. थांब, मी भाईर येतो."

चप्पल न घालताच ते अंगणात उन्हात जाऊन उभे राहिले. "दिसतोय काय रं?"

"दिसताय. लई वाळलाय, आप्पा."

"तू बी."

मग बोलण्यात आप्पांचा गुडघा निघाला, मेसचं जेवण निघालं, संतोषचा साहेब निघाला. संपायचं नाव नाही. आप्पांच्या पायाला ऊन पोळत होतं, पण ते जागचे हलले नाहीत.

मासे मात्र आत एकटे पडले होते. मी गेलो आणि अंधारात त्या खुर्चीवर बसून राहिलो.