अप्पांची अँटेना

अँटेनाला चाळणी बांधणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. आमच्या शेजारचे विश्वनाथअप्पा. नुसती चाळणी नाही, पातेल्यांची चार झाकणं, एक झारा आणि इडलीचं अख्खं भांडं. माजलगावात अप्पांचं भांड्यांचं दुकान, त्यामुळे मालाला तोटा नव्हता. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, दुकानच घरावर, मातीच्या माळवदावर हलवलंय. कावळेसुद्धा तिथं बसायला बिचकायचे.

हे सगळं कशापायी, तर केबलचे चॅनल त्या जुन्या अँटेनावर धरायला. गल्लीत केबल नुकतीच आली होती. तोवर आमचं सगळं अंबाजोगाईच्या टॉवरकडे तोंड करून चालायचं. दिसेल ते बघायचं, न दिसेल ते सोडून द्यायचं. केबलवाल्यानं अप्पांना परोपरीनं समजावलं, "अप्पा, हे उपग्रहावरून येतंय. डिजिटल हाय. त्याला छत्री लागती, डबा लागतो. तुमच्या काड्यांचं काम न्हाई ते."

"येतंय कुठून? हवेतूनच ना?"

"हवेतूनच, पण..."

"मग कावून धरणार न्हाई? हवा काय कुणाच्या बापाची हाय का बे?"

हे अप्पांचं ठरलेलं वाक्य. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनाही त्यांनी ते ऐकवलं. सर बिचारे अर्धा तास दुकानापुढच्या मातीत काडीनं लहरी काढून दाखवत होते. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी चाळणी बारीक पाहिजे म्हणता?" सरांनी त्यानंतर भांडी दुसऱ्या दुकानातून घ्यायला सुरुवात केली.

एक दिवस अप्पा गल्लीभर सांगत सुटले, "धरलं! लई भारी धरलं!" जाऊन बघते तर आपल्याच रोजच्या बातम्या. फक्त बातम्या देणाऱ्या बाया दोन दिसत होत्या, एकीच्या खांद्यावर दुसरी.

मी म्हटलं, "अप्पा, ही आपलीच बाई. नवं काय त्यात?"

"आक्का, आधी एकच येत होती ना?"

आता तुम्ही म्हणाल, माणूस चिक्कू असेल. अजिबात नाही. लग्नाला घागर घेतली तर वर तांब्या फुकट देणारा माणूस. गोम वेगळीच होती.

अप्पा आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवा यांची वाटणी झाली तेव्हा बोलणंही बंद झालं. कशावरून ते मला विचारू नका, त्या दोघांनाही धड आठवत नसावं. अंगणात भिंत आली. लोणच्याच्या बरण्यासुद्धा वाटल्या. तेवढी अँटेना वाचली, कारण अर्धी कापली तर कुणालाच काही दिसलं नसतं. एक अँटेना, दोन वायरी. वारं सुटलं की चित्र जायचं. अप्पा माळवदावर चढून दांडा फिरवायचे आणि नाव न घेता, आभाळाकडे बघून ओरडायचे, "आलं का?" भिंतीपलीकडून शिवा, तोही आभाळालाच, "गेलं!" "आता?" "मुंग्या!" "आता?" "आलं!" सहा वर्षांत सख्ख्या भावांचं बोलणं ते एवढंच. अप्पांच्या घरात ओरडायला माणसं नव्हती का? बायको होती, सून होती. पण त्यांना अप्पा म्हणायचे, "तुमाला चित्रातलं काय कळतंय?"

केबल आली की वर कुणी चढायला नको, खाली कुणी ओरडायला नको. आणि शिवाची बायको मंगल तर केबलसाठी हटून बसलेली. म्हणून चाळणी, म्हणून झारा. गल्ली हसायची. मीही हसायची, खोटं कशाला बोलू?

शेवटी पोळ्याच्या आधी शिवाकडे केबल आलीच. वायर मागच्या गल्लीतून ओढली, अप्पांना पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मंगलकडे विरजण मागायला गेले. टीव्ही आरशासारखा लख्ख. तेवढ्यात वरून हाक आली, "आलं का?"

शिवानं चहाची बशी खाली ठेवली, टीव्हीचा आवाज बारीक केला आणि अंगणात जाऊन उभा राहिला.

"न्हाई! मुंग्याच हायत!"

मंगल माझ्याकडे बघते, मी मंगलकडे. "अवो, एवढं लख्ख तर..." ती म्हणाली. शिवानं मागं हात करून तिला गप्प केलं.

"आता?"

"अजून न्हाई! जरा अंबाजोगाईकडं घ्या!"

"आता बघ!"

"थोडं अजून!"

वर झाकणं खणखणली. अप्पा कडेला सरकले असावेत, कारण शिवाचा आवाज एकदम चिरकला. "दादा! तिकडं न्हाई! त्या कोपऱ्याची माती खचलीया!"

झाकणं वाजायची थांबली. मग अप्पा म्हणाले, "कवापासून?"

"पहिल्या पावसापासून. तुमी चढला की मी बघतोय की रोज."

"मग सांगायचं न्हाई का बे?"

"तुमी इचारलं कुठं?"

मी विरजण न घेताच मागच्या दारानं बाहेर पडले.