वरचं टोक, खालचं टोक

कालव्यातल्या बोटी पाण्यासकट वर-खाली करणाऱ्या लॉकच्या वरच्या बाजूला ऑब्रीने बोट काठाला बांधली आणि झडपा उचलायचं लोखंडी हँडल घेऊन उतरला. खालच्या धक्क्यावर गिऱ्हाईक थांबलं होतं. आज बोट त्यांच्या ताब्यात दिली की संपलं. बायको, एनिड, गेल्यापासून बोट एकट्याने चालवणं त्याला जमत नव्हतं.

लॉकच्या दोन दारांमधला हौद रिकामा होता. तो भरल्याशिवाय वरचं दार उघडणार नव्हतं. लॉकवर बोटवाल्यांच्या मदतीला असणारी ग्लेनिस हिरवं जाकीट सावरत आली. निवृत्तीनंतर ती हे काम हौसेने करी.

"खालचं टोक तुम्ही बघता का? मी वरचं बघतो," ऑब्री म्हणाला.

"बघितलंय हो! आम्ही कशाला आहोत?"

ऑब्रीने वरची झडप उचलली. पाणी धो-धो आत पडू लागलं. ग्लेनिसने थर्मासमधला चहा ओतला.

"आज फारच हळू भरतंय, नाही?" ऑब्री म्हणाला.

"जुनं लॉक आहे. वयाप्रमाणे होतं सगळं."

"माझंही तसंच आहे."

दुसरा कप झाला. घाई केली तर समोरच्याला वाईट वाटेल, म्हणून दोघंही बसून राहिली. इतक्यात मागे बांधलेल्या बोटीतून एक बाई ओरडली, "अहो, माझी अंडी! तव्यासकट खाली गेली!" पाठोपाठ ऑब्रीच्या बोटीतल्या कपबश्या खळाखळा फुटल्या.

दोघं धावली. वरच्या कालव्यात चिखल उरला होता आणि दोन्ही बोटी त्यात कलंडल्या होत्या. खालची झडप सताड उघडी होती. वरून आलेलं पाणी हौदातून थेट खाली निघून गेलं होतं.

"खालचं टोक तुमचं होतं!"

"बोट तुमची! फलक वाचा. जबाबदारी बोटवाल्याची, आम्ही फक्त मदतीला."

"मग मदत करायची होती!"

"मला वाटलं, आधीच्या बोटवाल्याने झडप पाडून बंद केली असेल."

"आणि मला वाटलं, तुम्ही बघितलंत."

एनिड पावसातही दोन्ही टोकांना चालत जाऊन बघायची. ऑब्री सुकाणूवरून ओरडायचा, "चल गं, राणी येणार आहे का तपासणीला?"

वाट बघून कंटाळलेलं गिऱ्हाईक, रूफस आणि हॅटी, चालतच वर आलं.

"बोट अशी तिरकीच असते का?" रूफसने विचारलं.

"नाही. चूक माझी," ऑब्री म्हणाला.

"छे, माझीच," ग्लेनिस म्हणाली.

"नाही हो, माझी."

"दोघांची!" अंडीवाली बाई किंचाळली. "आता तरी ती झडप पाडा!"

कालव्यावरच्या आधीच्या, आणखी वरच्या लॉकमधून पाणी सोडलं, तेव्हा संध्याकाळपर्यंत बोटी सरळ झाल्या. हॅटीने हँडल मागून घेतलं. "लॉक मी बघेन. सुकाणू रूफसचं."

"दोन्ही टोकं बघत जा," ऑब्री म्हणाला.

"पण लॉकवर माणूस असतंच ना?" रूफस म्हणाला.

"आजही होतं," ग्लेनिस म्हणाली.

शेवटचं हे एक लॉक मला करू द्या, असं सांगून ऑब्रीने हॅटीला बोटीत बसवलं. वरचं टोक ग्लेनिसने सांभाळलं, खालचं त्याने. हौद भरून बोट आत आली, मग पाणी उतरलं, खालचं दार उघडलं आणि बोट बाहेर पडली. दारापाशी उभं राहून त्याने तिला जाताना कधी पाहिलं नव्हतं; तो नेहमी सुकाणूवर असायचा. त्याने हात वर केला. रूफस ऐटीत समोर बघत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

ऑब्रीनेही इतक्या वर्षांत दारापाशी मागे राहिलेल्या एनिडकडे कधी पाहिलं नव्हतं.

मग त्याने दाराला पाठ लावली आणि ते बंद करायला ढकलू लागला. दार चांगलंच जड होतं.