तळमजल्यावरची वैमानिक

चिऊला लढाऊ विमान चालवायचं होतं. इमारतीच्या गच्चीवरल्या पाण्याच्या टाकीवर बसून, पाय खाली सोडून तिने हे जाहीर केलं होतं. तिचे बाबा विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात होते. माणसं कशाकशावरून पडतात हे रोज वाचून त्यांना खुर्चीवर बसतानाही धास्ती वाटे. तरी मुलीच्या स्वप्नाला त्यांनी तत्त्वतः मंजुरी दिली आणि हवाई दलात निवडीची शक्यता वाढावी म्हणून तिला तयारीच्या क्लासला घातलं.

क्लासच्या संचालकांना सगळे कमांडर म्हणत. हवाई दलाशी त्यांचा संबंध गाद्या पुरवण्याच्या कंत्राटापुरता होता. पण त्यामुळे वैमानिक झोपतात कसे, याचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. त्यांनी चिऊला मागून-पुढून न्याहाळलं.

"मुलगी उत्तम आहे," ते म्हणाले. "आता हिला वापरू नका."

आधी डोळे जपायचं ठरलं. चिऊचं वाचन बंद झालं आणि आई भाजी चिरता चिरता तिला भौतिकशास्त्र वाचून दाखवू लागली. "इथे एक आकृती आहे," आई सांगायची, "चांगली आहे हो, बाण-बिण आहेत." मग हाडांचा नंबर लागला. सायकल शेजाऱ्यांकडे गेली, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज लागला. चिऊला शिंक आली तरी बाबा धावत येऊन तिची पाठ धरत, कारण मणक्याला हिसका बसता कामा नये.

"बाबा, निदान टाकीवर तरी जाऊ का?"

"अगं, पडलीस म्हणजे?"

"मग विमानातून पडले तर?"

"ते सरकारी असतं. तिथली जबाबदारी त्यांची."

कमांडरांनी प्रकरण मुळापर्यंत नेलं. पडण्याचं प्रमुख कारण उंची, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. लगोलग कुटुंब चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावर उतरलं. चिऊ खिडकीतून आभाळ शोधायची, तर समोर गाड्यांची चाकं दिसायची. तिला रडू यायचं. पण रडून डोळे सुजतात म्हणून त्यालाही मनाई होती.

निवड चाचणीत तिची वैद्यकीय तपासणी गाजली. अंगावर ओरखडा म्हणून नाही! डॉक्टर एकमेकांना बोलावून तिचे गुडघे दाखवत होते. मग मैदानावर दोराची शिडी आली. दुसऱ्याच पायरीवर चिऊचे पाय लटपटले आणि ती शिडीला चिकटली ती चिकटलीच.

"उंचीची भीती कधीपासून वाटते?" अधिकाऱ्याने विचारलं.

"क्लास लावल्यापासून, सर."

ती नापास झाली. क्लासच्या फलकावर मात्र तिचा फोटो झळकला: 'यंदाचे सर्वांत निर्दोष गुडघे आमच्याकडचे!' पुढची तुकडी हां हां म्हणता भरली.

घरी आल्यावर चिऊ तळमजल्यावर थांबलीच नाही. जिना चढून ती थेट गच्चीवर गेली, चपला काढल्या आणि टाकीच्या शिडीला हात घातला. एकेक पायरी घट्ट कवटाळत ती चढत राहिली. मागून धापा टाकत बाबा आले, आई आली, पाठोपाठ सगळी इमारत लोटली. "उतर खाली! पडशील!" असा एकच गिल्ला झाला. चिऊने खाली पाहिलं नाही.

आता शेवटच्या दोन पायऱ्या उरल्यात. वारा सुटलाय, शिडी जुनी आहे आणि वरची पायरी चांगलीच गंजलेली आहे.

पाहा, आलं ना तुमच्याही तोंडात 'उतर खाली, पडशील'? कमांडरांचे प्रवेश अजून चालू आहेत. त्यांना तुमच्यासारखेच पालक लागतात.